फाळका सरळ केल्याबद्दल

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

आधी घडलेलं क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे वाचताना घोळ होणार नाही.

१. बाबा आपला टेम्पो मागे घेत गल्लीत आणत होते.
२. मागे कोणी उभं नव्हतं.
३. गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब आहे. तो होता तिथेच होता.
४. फाळका वाकला. (फाळका म्हणजे हौद्याचा मागचा, खाली पडणारा पत्र्याचा दरवाजा. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण पत्र ताई वाचून दाखवणार, आणि ताईला गाडीतला फक्त हॉर्न कळतो.)
५. बाबांना काही झालं नाही. खांबालाही नाही.
६. बाबांनी गाडी चौकातून फिरवून आणली आणि पहिल्यांदाच तोंड आत करून आपल्या फर्निचरच्या कारखान्याच्या अंगणात लावली.
७. फाळका मी सरळ केला.
८. सरळ केलेला फाळका बंद होत नाही.
९. बाबांनी गाडी भंगारात द्यायचं ठरवलं आहे. भंगारवाला शनिवारी येणार आहे.
१०. मी हे पत्र लिहिते आहे हे बाबांना माहीत नाही.

पत्राचं कारण एक तांत्रिक शंका आहे. ती शेवटी विचारली आहे. मधला मजकूर फक्त पार्श्वभूमी म्हणून वाचावा.

तुमचे गुडघे कसे आहेत? दोन्हींबद्दल वेगवेगळं कळवा. मागच्या वेळी ताईने "बरे आहेत" असं एकत्रित कळवलं होतं, त्यातून काहीच निष्कर्ष निघत नाही. जिना चढता का, आणि चढत असाल तर कठड्याला धरून की ताईवर ओरडत, हेही लिहा. इकडे आई बरी आहे. बाबा बरे आहेत असं बाबा म्हणतात. मी नोकरीत आहे तिथेच आहे, मोजमाप विभागात. दिवसभर लोकांनी मेहनतीने बनवलेल्या वस्तू मोजते आणि अर्ध्याअधिक परत पाठवते. फोन न करता पत्र का, असं तुम्ही विचाराल. कारण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि मग तुमच्याकडचं अख्खं घर मला सल्ला देतं. दुसरं म्हणजे फोनवर तुम्हाला काहीही विचारलं तरी तुम्ही "बघू" म्हणता. "बघू" मोजता येत नाही.

आता मुद्दा क्रमांक दोन. "मागे कोणी उभं नव्हतं" हे मी मुद्दाम कोरडं लिहिलं आहे, कारण बाबा तेच वेगळं सांगतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी नेहमीच्या वेगाने गाडी मागे घेतली आणि "बस्स" ऐकू येईपर्यंत घेत राहिले. "बस्स" आलं नाही. खांब आला. यात आपलं काय चुकलं, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो ते इतक्या प्रामाणिकपणे विचारतात की उत्तर देववत नाही. मी आईला म्हटलं, मग इतकी वर्षं गाडीला आरसे कशाला ठेवलेत? आई म्हणाली, "ते गाडीबरोबर आले होते गं." मी जाऊन दोन्ही आरसे पाहिले. ड्रायव्हरच्या जागी बसलं की एकात चेहऱ्याची उजवी बाजू दिसते, दुसऱ्यात डावी. मागचं काही दिसत नाही. म्हणजे ताईकडे राहायला जायच्या दिवशी बसच्या पायरीवरून तुम्ही जे म्हणालात ("ड्रायव्हर, तू आरशात भांग पाडतोस, मी नसताना गाडी मागे घेऊ नकोस") ते अचूक निरीक्षण होतं. बाबांनी ते भांडण म्हणून घेतलं. ते म्हणाले, "तुझ्यावाचून काय गाडी पुढेच जाणार का दादा?" आणि बस सुटली. तेव्हापासून तुम्ही दोघं फोनवर हवामानाबद्दल बोलता. (तिकडे ऊन आहे का. आहे. इकडेही आहे. बरं मग. मी पलीकडच्या खोलीतून ऐकत असते. एवढ्या माहितीसाठी दोन भावांची गरज नाही, वर्तमानपत्र पुरतं.)

बाबांची बाजूही मांडायला हवी. माझ्या जन्माच्या आधीपासून ही गाडी तुमच्या आवाजावर मागे येते आहे. पुढे जाताना ती बाबांची असे आणि मागे येताना तुमची. लहानपणी मी केबिनमध्ये बाबांच्या शेजारी बसायचे आणि मागून तुमचं "येऊ दे" यायचं. ते एका प्रकारचं नव्हतं. जागा भरपूर असली की पहिल्या अक्षरानंतर तुम्ही जवळजवळ श्वास घ्यायचात. जागा कमी झाली की दोन्ही शब्द एकमेकांवर चढायचे. भिंत जवळ आली की शब्दच संपायचे आणि हौद्यावर तळहात वाजायला लागायचा, आणि मग ते "बस्स", ज्यानंतर गल्लीतली कुत्रीसुद्धा जागच्या जागी थांबायची. बाबा मागे वळून बघायचे नाहीत. एक हात खिडकीबाहेर टाकून ते समोर बघत गाडी मागे घ्यायचे, आणि मला वाटायचं, सगळ्यांच्याच गाड्या अशा असतात, एक माणूस आत आणि एक बाहेर. (चालक परवान्याच्या परीक्षेत मी गाडी मागे घ्यायच्या आधी खिडकी खाली केली. परीक्षक म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, आवाज ऐकायला. ते म्हणाले, कोणाचा? हे मी घरी कधी सांगितलेलं नाही.)

आणि माल पोचवायला निघताना तुम्ही हौद्यातच बसायचात, कारण कोणीतरी कपाट धरून बसायला हवं, असं तुम्ही सांगायचात. कपाट दोरांनी बांधलेलं असायचं. तुम्ही गिऱ्हाइकाच्याच नव्या खुर्चीत बसून, एका हाताने कपाटाला धीर देत, सगळा बाजार बघत जायचात, आणि ओळखीचे लोक तुम्हाला खालून हात करायचे. एकदा ती दिवाणखान्यातली मोठी खुर्ची पोचवताना तुम्हाला झोप लागली आणि गिऱ्हाइकाला खुर्ची तुमच्यासकट बघायला मिळाली. बाबा म्हणाले, "बसून दाखवतोय, आरामशीर आहे." गिऱ्हाइकाने तसल्याच आणखी दोन मागवल्या. निघायचं असलं की तुम्ही टपावर दोन थापा द्यायचात, थांबायचं असलं की एक. अजूनही बाबा इंजिन चालू करून क्षणभर थांबतात. मी विचारलं, काय बघताय? ते म्हणाले, इंजिन गरम होऊ देतोय. इंजिन बंद करून त्यांना मिनिटही झालेलं नव्हतं.

तर मुद्दा क्रमांक सहा. गाडी तोंड आत करून उभी आहे, शिक्षा झाल्यासारखी. आपली गल्ली एवढीशी, अंगण तेवढंसं. आत वळायला जागा नाही. म्हणजे बाहेर काढायची तर आख्खी गल्ली मागे यायला हवी. फाळका ठोकायला नेण्यासाठी आम्ही तसा प्रयत्न केला. आधी मागे आई उभी राहिली. आईने बाबांना पहिल्या फुटातच थांबवलं.

"अहो, तिकडे नको."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"तिकडे हो, जिकडे चाललाय तिकडे."

"मी मागे चाललोय."

"मग तेच नको म्हणते ना."

यानंतर मी उभी राहिले. माझ्याकडे टेप होता. एक मीटर दहा, मी म्हटलं, एक मीटर, नव्वद सेंटिमीटर, पण डावीकडे चार अंशांनी झुकतंय. बाबा गाडी बंद करून खाली उतरले आणि म्हणाले, "मला गाडी मागे घ्यायची आहे, सदऱ्याचं माप द्यायचं नाही." मग मी स्वतः चालवते म्हटलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. फक्त किल्ली खिशात टाकली. मग मी मागे अडथळा आला की वाजणारं ते छोटं यंत्र आणून बसवलं. ते अचूक आहे, मी तपासलं आहे. ते टीं टीं करू लागल्यावर बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गाडी बंद केली. म्हणाले, याला फक्त "बस्स" म्हणता येतं, "येऊ दे" कोण म्हणणार? मी समजावलं की ते वाजत नाही तेव्हा त्याचा अर्थ येऊ दे असाच होतो. बाबा म्हणाले, "गप्प बसणं आणि ये म्हणणं यात फरक आहे बाळा." तांत्रिकदृष्ट्या हे खरं आहे. मी यंत्र काढलं.

गाडी जाईना, म्हणून फाळका उतरवून पत्रेवाल्याला अंगणात बोलावला. याची शिफारस आईच्या एका मैत्रिणीने केली होती, जिच्याकडे गाडी नाही. त्याने फाळक्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, पत्र्यावर हात फिरवला आणि म्हणाला की पत्र्याला मारायचं नसतं, समजवायचं असतं. मला हे आवडलं. मग त्याने पिशवीतून माझ्या डोक्याएवढा हातोडा काढला आणि दुपारभर पत्र्याला समजावलं. इतकं समजावलं तर पत्रा ताणतो आणि मधे फुगतो, हे मी त्याला दोनदा सांगितलं. "ताई, पुस्तकातला पत्रा वेगळा," तो म्हणाला. तो गेल्यावर फाळका वाकलेला नव्हता, हे खरं. पण मधे अंगठ्याने दाबलं की टक् करून आत जायचा आणि पलीकडून दाबलं की टुक् करून बाहेर. आई भाजी निवडता निवडता येऊन एकदा दाबून जायची. म्हणायची, करमतं.

शेवटी ते काम मी सुट्टी काढून स्वतः केलं. फुगलेल्या जागी थोडा थोडा पत्रा तापवायचा आणि ओल्या फडक्याने निववायचा, की तो आक्रसतो. तुमच्या जुन्या कामाच्या बाकावर, तुमच्याच पकडीत धरून केलं. (पकडीचा दांडा अजूनही घट्ट फिरतो आणि मधेच सोडतो. तुम्ही तिथे नेहमी एक शिवी द्यायचात. मी दिली नाही, पण तेवढा वेळ थांबले.) मी फाळक्यावर सरळपट्टी उभी-आडवी ठेवून तपासत गेले. तेव्हा लक्षात आलं की खांबाचा पोचा निघाला तरी फाळका सरळ नव्हता. त्यात जुने खळगे होते. डावीकडे एक खोल, उजवीकडे एक त्याहून उथळ आणि बरोबर मधे एक अगदी हलका, नखाने कळेल एवढा. मी तेही काढले. सरळपट्टीखालून उजेड दिसेनासा झाला तेव्हा थांबले. आमच्या विभागात आलेला असता तर मी तो एका दमात पास केला असता. लिहायला हरकत नाही, मला समाधान वाटलं.

बाबांना हाक मारली, फाळका चढवला, उचलून लावला, आणि खटका खाचेच्या बोटभर वर गेला. पुन्हा लावला. पुन्हा तेवढाच वर. बिजागरीही बोलू लागली. मी गाडीखाली शिरले. मग कळलं की फाळका वाकत गेला तशी तुम्ही गाडी त्याच्या मापाने करत गेला होतात. उजव्या बिजागरीखाली पावडरच्या डब्याचं झाकण कापून घातलं होतं, त्यावरचं फूल अजून दिसतं. डाव्या बिजागरीखाली चामड्याचा तुकडा होता. तो तुमच्या त्या तपकिरी चपलेचा पट्टा आहे, कारण त्या चपलेला नंतर तुम्ही सुतळी बांधून फिरायचात आणि आई तुमच्याकडे बघायची नाही. खटक्याची खाच कानशीने खाली वाढवलेली. एका साखळीत एक कडी जास्त. आणि एका कोपऱ्यात शिसवी लाकडाची पाचर, त्यावर तुमच्या पेन्सिलीची बाणाची खूण, "ही बाजू वर". झाकण, चामडं आणि पाचर फाळका उतरवताना मी स्वतःच कचरा म्हणून काढून एका डब्यात टाकलं होतं. थोडक्यात, मी फाळका मोजला, गाडी मोजली नाही. आमच्याकडे नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतात की वस्तू ज्यात बसायची आहे ते आधी मोजा. शिकवते मीच.

हे सगळं बाबांनी पाहिलं. संध्याकाळी ते नेहमीसारखे चहा घेऊन आले, फाळका खाली पाडला आणि त्यावर जाऊन बसले. उजवीकडे, त्यांच्या जागी. कारखाना बंद करून तुम्ही दोघं तिथे बसायचात आणि मी मधे, पाय लोंबकळत, भुशाने भरलेली. तुम्ही दिवसभराच्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचात आणि बाबा हसू येऊ नये म्हणून कपात बघायचे. त्या अंगणातल्या गोष्टींपैकी मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते हे की कप ठेवायला कुठे बघावं लागत नसे. शेजारी ठेवला की तो आपोआप ज्याचा त्याच्याच बाजूला येऊन थांबायचा. परवा बाबांनी कप शेजारी ठेवला आणि तो सरळ घसरत जाऊन खाली पडला. (कारण सोपं आहे. एका साखळीतली जास्तीची कडी तशीच आहे, खळगे मात्र नाहीत, त्यामुळे फाळका आता एका बाजूला उतरता राहतो. मी ते त्यांना तेव्हाच समजावून सांगितलं. सांगायला नको होतं.) बाबा उठले. सरळ केलेल्या पत्र्यावर त्यांनी तळहात ठेवला आणि म्हणाले, "इथे दादा." मग हात सरकवला. "इथे मी." मग मधे ठेवला. "इथे तू." मी म्हटलं, बाबा, एवढ्या जाड पत्र्याला लहान मुलाच्या वजनाने खळगा पडत नाही. ते म्हणाले, असेल. म्हणाले, छान सरळ केलास, मेहनत दिसते. आणि आत जाऊन त्यांनी भंगारवाल्याला फोन केला.

भंगारवाला येऊन बघून गेला. बरा माणूस आहे. गाडीपेक्षा त्याला कारखान्यातलं अर्धवट कपाटच जास्त आवडलं. म्हणाला, शनिवारी येऊन गाडी ओढून नेतो. बाबा म्हणाले, "ओढून नाही. तिच्या चाकांनी जाईल." एवढं बोलून ते आत गेले आणि पटाशा पुसायला बसले. आता हे तुम्हाला कळवावं की नाही यावर मी विचार केला. पटाशा त्यांनी धार लावायला काढलेल्या नाहीत. तेल लावून, एकेक फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या आहेत. जे कपाट अर्धं झालं आहे त्याची दारं भिंतीला टेकून उभी आहेत. गिऱ्हाइकाला त्यांनी निरोप दिला की पोचवायची सोय नाही. कारखाना बंद करतो असं ते म्हणालेले नाहीत. मीही विचारलेलं नाही. विचारलं तर ते सांगतील, आणि एकदा सांगितलं की ते माघार घेत नाहीत. मागे येणं हा त्यांचा विषय नव्हेच, ते तुम्हाला माहीत आहे. मला याचं वाईट वाटतं आहे असं समजू नये. मी जे दिसतं ते लिहिते आहे.

तर शंका अशी. खटक्याची खाच तुम्ही कानशीने वाढवली तेव्हा मूळ खाच कुठे होती, आणि ती पाचर नेमकी कोणत्या कोपऱ्यात, बाण वर म्हणजे कुठल्या वर? गाडी चढावर उभी असताना तुम्ही ती बसवली असेल तर तसंही लिहा. त्यावरून मला जुळवाजुळव करता येईल.

ताईला नमस्कार सांगा. तिच्या धाकट्याला सांगा की त्याने पाठवलेल्या चित्रातल्या गाडीला तीन चाकं आहेत आणि तरी ती मला बरोबर वाटली. गुडघ्यांना शेक द्या. औषधं वेळेवर घ्या. ताई रागावते तेव्हा तिचं ऐका. ती आमच्याच घरातली आहे, तिचा राग जातो पण मत जात नाही.

तुमची,
मिलिमीटर
(हे नाव तुम्ही ठेवलंत. कारखान्यात आता मला कोणी या नावाने हाक मारत नाही.)

ता. क. वर विचारलेल्या शंकेचं उत्तर पाठवायची गरज नाही. खाच नव्याने पाडणं अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि जास्तीची कडी काढणं पाच मिनिटांचं. हे मला पत्र लिहायला बसायच्या आधीच माहीत होतं.

ता. क. २. एवढं लिहून झालं आणि बाबा टेबलापाशी आले. कोणाला लिहितेस, म्हणाले. मी म्हटलं, ऑफिसचं काम. त्यांनी उलट्या बाजूने पत्राची पहिली ओळ वाचली (तीर्थस्वरूप असं ऑफिसात कोणाला लिहीत नाहीत) आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "खांब आधी तिथे नव्हता असं लिही." लिहिलं. खांब तुमच्या दोघांच्याही जन्माआधीचा आहे. दाराशी जाऊन ते परत वळले आणि म्हणाले, "आरसे नीट करून घेतले असंही लिही." आरसे नीट केलेले नाहीत. मी आत्ता जाऊन पाहिले. मग आतून विचारलं, "गुडघ्यांचं विचारलंस ना? दोन्ही?" मी हो म्हटलं. म्हणजे वरचा मुद्दा क्रमांक दहा रद्द समजावा.

ता. क. ३. जुने खळगे मला परत पाडता येणार नाहीत. हातोड्याने पाडले तर ते पोचे होतील. माझ्या अंदाजाप्रमाणे त्याला एकच पद्धत आहे: तुमच्या वजनाचा एक माणूस डावीकडे, बाबांच्या वजनाचा एक उजवीकडे, रोज संध्याकाळी, चहा संपेपर्यंत. पद्धत संथ आहे, पण हत्यारं लागत नाहीत. मधल्या खळग्याचा हिशेब मी पुन्हा केला. तो माझ्या वजनाने पडलेला असणं शक्य नाही. बाबांना हे पुन्हा सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका.

ता. क. ४. गाडी भंगारात जायची असेल तर ती तिच्या चाकांनी जाणार, म्हणजे आख्खी गल्ली मागे येणार. ठेवायची असेल तर कपाट पोचवायला बाहेर पडणार, म्हणजे तरीही आख्खी गल्ली मागे येणार. दोन्ही बाजूंनी विचार केला, मागे एक माणूस उभा राहावा लागतो. त्याला हौद्यात चढायचं नाही, वाकायचं नाही, चालायचं तेही थोडं आणि हळू. गुडघे दोन्ही बरे नसले तरी चालतील. खुर्ची देऊ. सकाळची बस तुमच्याकडून निघते ती इथे दुपारी जेवणाच्या आधी पोचते. थांब्यावर मी येईन, बाबांना गाडी घेऊन यायला सांगणार नाही. तुम्ही शनिवारच्या आधी येताय की नाही ते गुरुवारपर्यंत कळवा. "बघू" लिहू नका.